पुरे म्हटलं की थांबायचं

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. इतक्या जुन्या काळची, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात नदीकाठी राजाचं नगर होतं. नगरात देवळाकडे जाणारी एक अरुंद गल्ली होती, तिला फुलारआळी म्हणत. तिथे भिवरा नावाची फुलारीण हार गुंफायला बसायची. शेजारी तिची धाकटी बहीण राही बसायची. भिवरेची लेक मंजुळी अजून लहान होती, ती पायाशी पडलेल्या पाकळ्यांशी खेळायची. नवरा हैबती सकाळीच मळ्यातून शेवंतीच्या पाट्या आणून टाकायचा. चार माणसांचं बरं चाललं होतं.

एकदा उत्सवात राजाची मिरवणूक त्या आळीतून निघाली. पुढे शिंगं आणि नौबत, मागे राजाचा हत्ती. हत्ती एकाएकी बिथरला. का बिथरला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणालं, त्याच्या कानाशी शिंग फुंकलं. कुणी म्हणालं, पायात काही रुतलं. हत्ती धावला, माणसं धावली, आणि त्या अरुंद गल्लीत माणसांवर माणसं पडली.

भिवरेने एका हाताने मंजुळीला पोटाशी घेतलं, दुसऱ्या हाताने राहीचा हात धरला, आणि ती दुकानाच्या फळीखाली शिरली. वरून शेवंतीच्या पाट्या कोसळल्या. पुढचं सगळं अंधारात झालं.

गर्दी ओसरल्यावर हैबतीने फुलं उपसून त्यांना बाहेर काढलं. मंजुळी जिवंत होती. भिवरेला ओरखडासुद्धा नव्हता. राही मात्र चेंगरून गेली होती.

"नशीब थोर म्हणून वाचलीस गं," लोक भिवरेला म्हणाले. तीही मान हलवायची. तिलाही तसंच वाटत होतं. अंगावर जखम नाही, लेक सुखरूप आहे, नवरा भला आहे. मग बिघडलं कुठे?

पण बिघडलं होतं. शेवंतीची पाटी दारात आली की तिचा श्वास अडकायचा, आणि आपण घरात आहोत की आळीत, हेच तिला कळेनासं व्हायचं. शेजारीण दळायला बसली की जात्याची घरघर ऐकून ही भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तव्यावर भाकरी करपून काळी व्हायची, आणि ही तिच्यासमोर बसलेली असायची.

"कुठे गेली होतीस?" हैबती विचारायचा.

"इथंच तर होते," असं म्हणून ती गोंधळून तव्याकडे बघायची.

वैद्यांनी नाडी पाहिली. नाडी चांगली होती. त्यांनी दूधतूप द्यायला सांगितलं, आणि दूधतुपाने काही झालं नाही.

मग आळीचे म्होरके दाजीबा आले. माणूस वयाने मोठा, मनाने चांगला. ते म्हणाले, "भीतीला एकदा तोंड दिलं की भीती पळते." त्यांनी भिवरेचा दंड धरला आणि तिला थेट त्या जागी नेऊन उभं केलं. "बघ. आहे का हत्ती? आहे का कुणी?"

भिवरेने पाहिलं. हत्ती नव्हता, हे तिला दिसत होतं. तरी ती तिथेच कोसळली. त्यानंतर कितीतरी दिवस तिने उंबरा ओलांडला नाही.

दाजीबांनाही कळेना. भलं करायला गेलो आणि हे काय झालं? मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला. "तिच्यापुढे त्या दिवसाचा विषयच काढू नका. राहीचं नाव घेऊ नका. आपोआप विसरेल." सगळ्यांना ते पटलं. घरातून राहीचं नाव गेलं, तिची लुगडी माळ्यावर गेली. भिवरा काहीच विसरली नाही. फक्त आता तिला बोलायला कुणी उरलं नाही.

एके दुपारी रस्त्याने मुलं ताशा बडवत गेली. हैबती अंगणात लाकडं फोडत होता. त्याला आतून मंजुळीचा दबलेला आवाज आला. तो धावला. भिवरेने लेकीला बाजेखाली कोंबलं होतं आणि स्वतः तिच्यावर पालथी पडली होती. पोरीला श्वास घेता येत नव्हता. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. हैबतीने सगळी ताकद लावून दोघींना वेगळं केलं.

थोड्या वेळाने भिवरा शांत झाली. मंजुळी कोपऱ्यात हुंदके देत होती. तिच्या दंडावर बोटांचे वळ उठले होते. भिवरेने ते पाहिले आणि ती कळवळून म्हणाली, "अगं बाई, हे कुणी केलं?"

मंजुळी सरकून हैबतीच्या मागे झाली. भिवरेने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"मला कुठेतरी न्या," ती म्हणाली. "नाहीतर हिला माझ्यापासून दूर न्या."

नदीपलीकडे, रान सुरू होतं तिथे, आवडाई नावाची म्हातारी राहायची. लढाईतून परतलेले शिपाई, वणव्यातून वाचलेली माणसं, मनाला मार बसलेलं कुणीही तिच्याकडे जायचं. ती हे काम आपल्या गुरूकडून शिकली होती आणि आयुष्यभर तेच करत आली होती. ती नेमकं काय करते, हे मात्र तिच्याकडून आलेल्यांनाही नीट सांगता यायचं नाही.

हैबती भिवरेला आणि मंजुळीला घेऊन नावेने पलीकडे गेला. आळीत घडलेलं आवडाईच्या कानावर आलंच होतं. तिने त्यांना पाणी दिलं आणि भिवरेला विचारलं, "कुठे बसशील?"

भिवरा गोंधळली. "तुम्ही सांगाल तिथं."

"तुझं तू ठरव. घाई नाही."

भिवरा खांबापाशी बसली. बरं वाटेना म्हणून उठली. चुलीपाशी बसली. तिथूनही उठली. शेवटी दाराजवळ, पाठ भिंतीला आणि तोंड वाटेकडे करून बसली. आवडाई तोवर उभीच होती.

"दार उघडं ठेवू की लोटून घेऊ?"

"उघडं."

"हा तुझा नवरा आत बसू दे की बाहेर?"

"बाहेर. पण दिसेल असा."

"बरं. आता ऐक. काय झालं ते मी तुला विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर राहू दे. आणि मी बोलत असले, काही करत असले, तरी तू 'पुरे' म्हणालीस की मी थांबणार."

भिवरेने तिच्याकडे निरखून पाहिलं. "पुरे," ती म्हणाली.

आवडाई उठली आणि शेळीला पाला घालायला गेली.

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले. बराच वेळ झाला तरी म्हातारी परत येईना. शेवटी हैबती तिच्यामागे गोठ्यात गेला. "आवडाई, नदी ओलांडून आलो ते तुम्हाला पाला घालताना बघायला का?"

"ती पुरे म्हणाली ना?"

"तिला काय कळतंय आत्ता!"

"अरे, लोक तिच्यावर पडत होते तेव्हाही ती पुरे म्हणाली असेल," आवडाई म्हणाली. "तेव्हा कुणी थांबलं नाही. निदान इथे तरी थांबू दे."

हैबतीला ते अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही. ते घरी परतले. पण दोन दिवसांनी भिवरा आपणहून म्हणाली, "आवडाईकडे परत जाऊ या का?" म्हणून तो तिला पुन्हा घेऊन गेला.

पुढच्या खेपेलाही भिवरेने लगेच पुरे म्हटलं. आवडाई पुन्हा उठून गेली. अशा काही खेपा झाल्या. मग एकदा म्हातारी शेळीच्या खोड्या सांगत बसली होती, आणि भिवरा पुरे म्हणायचं विसरून गेली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा विचारलं, "आवडाई, मला झालंय तरी काय? मी वेडी झाले का?"

"नाही गं. तो दिवस संपला, हे तुझ्या डोक्याला ठाऊक आहे. तुझ्या अंगाला अजून ठाऊक नाही. ते तुला वाचवायलाच धडपडतंय. आपण अंगाला हळूहळू कळवू."

"कसं?"

"आत्ता तुझे पाय कुठे आहेत?"

भिवरेला हा काय प्रश्न, असं वाटलं. "जमिनीवर."

"जमीन कशी आहे?"

"गार. सारवलेली."

"वास कशाचा येतोय?"

"शेळीचा."

"फुलारआळीत शेळीचा वास होता?"

भिवरा विचारात पडली. "नाही."

"मग तू कुठे आहेस?"

"तुमच्या घरात," भिवरा म्हणाली, आणि असं सोपं उत्तर देताना आपल्या डोळ्यांत पाणी का यावं, हे तिला समजेना.

घरी ती तसंच करू लागली. जात्याची घरघर सुरू झाली की पाय जमिनीला घट्ट टेकवायची, भांड्यातलं गार पाणी मनगटावर घ्यायची, समोर दिसेल त्याचं नाव पुटपुटायची. चूल. फुंकणी. मंजुळीचा परकर. कधी जमायचं, कधी मुळीच जमायचं नाही. जमलं नाही की ती चिडायची. "हे असलं पोरखेळासारखं करून कुणी बरं होतं का?"

एकदा तर सगळंच विसकटलं. भिवरा दारात पाठमोरी उभी होती आणि आवडाईने मायेने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. भिवरा किंचाळली, मंजुळीला उचलून नावेकडे पळत सुटली, आणि पुढे कितीतरी दिवस तिने नदीपलीकडचं नाव काढलं नाही. शेवटी आवडाईच नावेत बसून तिच्या घरी आली. ती आत शिरली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाली, "चूक माझी झाली. न विचारता हात लावला. तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी माझा राग नाही." एवढं सांगून ती वळली.

भिवरा चकित झाली. एवढी मोठी म्हातारी, आणि माझी माफी मागते? दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नावेत बसली.

त्यानंतर एके दिवशी आवडाईने विचारलं, "कुंपणावर शेवंतीचं एक फूल लावून ठेवू का? फार लांब. नको असेल तर नको."

"ठेवा."

ती त्या फुलाकडे बघत बसली. श्वास जड झाला तेव्हा पुरे म्हणाली, आणि आवडाईने फूल काढून नेलं. पुढच्या वेळी तिने ते थोडं जास्त वेळ राहू दिलं. एकदा स्वतःच म्हणाली, "जरा अलीकडे आणा." एकदा म्हणाली, "आज नकोच." आवडाईने दोन्ही तितक्याच सहज ऐकलं. लवकर लवकर असं कुणी म्हणत नव्हतं. भिवरेला याचंच नवल वाटायचं.

आणि मग एका सकाळी, कुणी काही विचारलेलं नसताना, ती बोलू लागली. सलग नाही. थोडं सांगायची, थांबायची, पायांनी जमीन चाचपायची, पुन्हा सांगायची. फळीखालचा अंधार सांगितला. फुलांचा कोंडलेला वास सांगितला. शेवटी म्हणाली, "राहीचा हात माझ्या हातात होता. मी सोडला. मंजुळीला धरायला मी माझ्या बहिणीचा हात सोडला."

तुझा काय दोष, असं आवडाई म्हणाली नाही. दोष आहे, असंही म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "हात सोडलेला तुला आठवतो?"

भिवरा आठवू लागली. "नाही. पण बाहेर आले तेव्हा हातात हात नव्हता. म्हणजे सोडलाच असणार ना?"

"बाहेर कुणी काढलं?"

"यांनी."

"त्याला विचारावंसं वाटतं का? आज नाही तरी चालेल."

भिवरेने अंगणात बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग हाक मारली. हैबती आत आला. तिने विचारलं, "अहो, मला बाहेर काढलंत तेव्हा राहीचा हात कुठे होता?"

हैबतीने घाबरून आवडाईकडे पाहिलं. हा विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं. आवडाई म्हणाली, "तिने विचारलंय, तिलाच सांग."

"तुझ्या मुठीत," हैबती म्हणाला. "राही गेली होती, आणि तू तिचा हात सोडत नव्हतीस. किती हाका मारल्या, तुला ऐकूच येत नव्हतं. मला एकट्याला मूठ उघडेना. शेवटी दाजीबा आले, तेव्हा दोघांनी मिळून तुझं एकेक बोट उघडलं."

भिवरा बघतच राहिली. "मी सोडला नव्हता?"

"नाही गं. आम्ही सोडवला."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सगळे म्हणाले, तिच्यापुढे नाव काढू नका. मला वाटलं, तुला त्रास होईल."

भिवरा आपला हात उघडत होती, मिटत होती. मग म्हणाली, "पुरे. आता घरी जाऊ."

नावेतही ती आपल्या हाताकडेच बघत होती. हैबतीला उमगेना, आपण सांगितलं ते चांगलं केलं की वाईट. दोन दिवस तिने सगळी कामं नेहमीसारखी केली. तिसऱ्या दिवशी डाळ निवडता निवडता ती एकदम थांबली. हातातलं सूप खाली ठेवलं, आणि ती रडू लागली. मुसमुसून नाही, मोठ्याने, "राही, राही गं," अशा हाका मारत. सगळी आळी गोळा झाली. दाजीबा आले. राही गेल्यापासून भिवरेला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. हैबती हादरला. धावत नावेकडे गेला, नदीपार झाला आणि म्हणाला, "आवडाई, घात झाला! बरी होत होती, ती आता पार ढासळली. रडायची थांबत नाही."

"राहीचं नाव घेऊन रडते?"

"हो."

"मंजुळीला धरून ठेवलंय?"

हैबतीने आठवून पाहिलं. "नाही. मंजुळी दारात उभी आहे."

आवडाईने सुस्कारा सोडला. तिचेही डोळे भरून आले. "अरे बाबा, आजवर ती भीत होती. भिणाऱ्याला रडायला सवड नसते. तिच्या लेखी तिची बहीण आज गेली आहे. जा. तिच्याजवळ जा."

"जाऊन काय करू?"

"काही करू नकोस. तिला विचार, जवळ बसू का. हो म्हणाली तर बस."

हैबती परतला तेव्हा आळीतल्या बायका भिवरेला गप्प करत होत्या. दाजीबा म्हणत होते, "पुरे आता, पोरी, डोळे पूस, विसर." हैबतीने हात जोडले. "दाजीबा, तिला पुरे म्हणू नका. पुरे तिने म्हणायचं." दाजीबांना काही कळलं नाही, पण ते बाजूला झाले. हैबतीने विचारलं, "भिवरे, इथं बसू का?" तिने मान हलवली. तो बसला. मंजुळी आली आणि दुसऱ्या अंगाला बसली. भिवरा रडत राहिली, मध्येच थांबून राहीचं काहीतरी सांगत राहिली, आणि सांगता सांगता एकदा हसलीसुद्धा. दिवे लागायच्या वेळी तिचं तीच म्हणाली, "पुरे. भूक लागली."

त्या दिवशी राहीची लुगडी माळ्यावरून खाली आली. राहीच्या नावाचं जेवण झालं. भिवरा पुढे हळूहळू आळीत जाऊन बसू लागली, आधी मोगरा घेऊन, मग गुलाब, आणि पुष्कळ काळाने शेवंती. ताशा वाजला की अजूनही तिचे हात कापायचे. ती दोरा खाली ठेवायची, कापणं थांबलं की पुन्हा उचलायची. मंजुळी मैत्रिणींबरोबर नदीवर खेळायला जाऊ लागली, आणि भिवरा तिला जाऊ देऊ लागली. दाजीबांनी एकदा तिला खोदून विचारलं, की म्हातारीने औषध तरी कोणतं दिलं. भिवरेने बराच विचार केला आणि म्हणाली, "खरं सांगू? मला अजून नीट कळलेलं नाही." दाजीबा तिच्या शेजारी तसेच बसून राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तात्पर्य: मनाची जखम उकरून बरी होत नाही आणि झाकूनही बरी होत नाही, दुखावलेल्याच्या चालीने चालणारं माणूस सोबत असलं, की ती आपली आपण भरते.